जुनी मोटार घेण्याआधी तिचा पूर्वेतिहास कसा तपासावा?

वाचकांचे प्रश्न

नाशिक आणि परिसरातून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीविषयी आहेत. त्यांतली निवडक पत्रे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. विमा कंपन्यांसाठी अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करणे हे माझे काम असल्यामुळे दुरुस्तीनंतर विक्रीला निघालेल्या अनेक गाड्या मी दुरुस्तीपूर्वीच्या अवस्थेत पाहिल्या आहेत. उत्तरांमध्ये काही गोष्टींवर मी अधिक भर दिला आहे, त्याचे कारण हेच.

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. पाच लाखांच्या आसपास एक पेट्रोल हॅचबॅक बघून ठेवली आहे. गाडी २०१८ ची, एमएच १५ पासिंगची, दुसऱ्या मालकाकडची असून मीटरवर ४२ हजार किलोमीटर दिसतात. डीलर सांगतात की गाडीला कधीही अपघात झालेला नाही आणि पेपर क्लिअर आहेत. आम्ही ॲपवर नंबर टाकून पाहिला, तेव्हा सर्व काही बरोबर दिसले. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : ॲपवर पाहिलेत ते योग्यच केलेत, परंतु तेथे काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी समजून घ्या. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या माहितीसाठ्यातून एम-परिवहन ॲपवर येणारी माहिती नोंदणीची असते. गाडी कोणत्या तारखेला आणि कोणत्या कार्यालयात नोंदली गेली, सध्याचा मालक कितवा, इंधन कोणते, नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहेत, आणि कर्जाचा बोजा आहे का, एवढ्या गोष्टी तेथे कळतात. गाडी किती चालली, कुठे आदळली, पाण्यात बुडाली होती का, तिच्यावर विम्याचे किती दावे झाले, यांतले काहीही त्यात नसते. म्हणजे डीलर म्हणतात ते कागदांपुरते पूर्ण खरे असूनही गाडी मोठ्या अपघातातून उभी केलेली असू शकते.

आपल्याकडे गाडीचा संपूर्ण इतिहास एका ठिकाणी मिळत नाही. त्याचा एक तुकडा आरटीओकडे असतो, दुसरा विमा कंपनीकडे, तिसरा सर्व्हिस सेंटरकडे आणि चौथा प्रत्यक्ष गाडीच्या पत्र्यात. त्यामुळे माझा आग्रह असा की एक कोरा कागद घ्या, त्यावर डाव्या बाजूला तारखा लिहा आणि हाती आलेला प्रत्येक कागद त्या त्या तारखेसमोर मांडा. उत्पादनाचा महिना, नोंदणीची तारीख, प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर, प्रत्येक विमा पॉलिसीचा कालावधी, मालकी बदलल्याची तारीख आणि टायर बदलल्याची तारीख, असे सर्व एकाखाली एक आले की कोणता कागद दुसऱ्याशी जुळत नाही हे आपोआप नजरेत भरते. एकेकटा कागद खोटा ठरवणे कठीण असते, पण चार ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळतील अशा बनवणे त्याहून कितीतरी कठीण असते.

सुरुवात सर्व्हिसिंगपासून करा. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी गेली की तिचा नंबर, चेसिस क्रमांक आणि किलोमीटर यांची संगणकावर नोंद होते, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ती नोंद त्याच कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपमध्येही पाहता येते. ही माहिती सहसा मालकालाच देतात, म्हणून आरसीवर ज्यांचे नाव आहे त्यांना सोबत नेण्याचा किंवा त्यांच्याकडून ती मागवून घेण्याचा आग्रह धरा. डीलरने स्वतः छापून दिलेल्या कागदावर मी विसंबणार नाही.

समजा, नोंदी अशा निघाल्या : एप्रिल २०१९ मध्ये ९,८०० किलोमीटर, मार्च २०२० मध्ये २१,०००, फेब्रुवारी २०२१ मध्ये ३८,०००, आणि त्यानंतर एकही नोंद नाही. आज मीटर ४२ हजार दाखवतो. जी गाडी पहिल्या तीन वर्षांत ३८ हजार चालली, ती पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून चारच हजार चालली, असा याचा अर्थ होतो. हे अशक्य नाही. मालक परगावी गेला असेल, घरात दुसरी गाडी आली असेल. वॉरंटी संपल्यावर लोक बाहेरच्या गॅरेजकडे वळतात, त्यामुळे नोंदी थांबल्या एवढ्यावरून कोणावर संशय घेणेही रास्त नाही. पण जो कालखंड कोरा आहे त्याचा पुरावा मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे : बाहेरच्या गॅरेजची बिले, बॅटरीचे वॉरंटी कार्ड, टायरची पावती. यांतले एकही मिळत नसेल, तर ४२ हजार या आकड्याला किंमत ठरवताना कोणतेही वजन देऊ नये.

डिजिटल मीटर मागे करता येत नाही, असा एक समज पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डॅशबोर्डखालच्या जोडणीला उपकरण लावून किंवा मीटर बाहेर काढून त्याच्या स्मृतीतला आकडा बदलता येतो. काही गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंद मीटरखेरीज अन्य नियंत्रकांतही राहते आणि चांगल्या स्कॅनरने ती वाचता येते, म्हणून तपासणीला स्कॅनर असलेला मेकॅनिक न्यावा. त्याच्याखेरीज तुमचे स्वतःचे डोळेही उपयोगी पडतात. ४२ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचे आवरण तळव्याच्या जागी चकाकत नसते, चालकाच्या सीटची दाराकडची कड खचलेली नसते. पेडलचे रबर, स्टिअरिंगचे कव्हर आणि सीटकव्हर हे तिन्ही कोरे करकरीत असतील, तर त्यांच्याखाली काय आहे ते काढून पाहा.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ किंवा तत्सम क्रमांकाच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर आणि डिकीतला जादा टायर यांचे हे आकडे तुमच्या तक्त्यात लिहा. जादा टायर बहुधा मूळचा असतो, त्यामुळे त्याचे वर्ष गाडीच्या उत्पादन वर्षाशी जुळायला हवे.

आता विमा. येथे एक उपयुक्त खूण आहे, पण ती वाचताना लोक घाई करतात. दावा न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस एका वर्षानंतर २० टक्के, नंतर अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा वाढतो. एखाद्या वर्षी दावा झाला की साधारणतः तो शून्यावर येतो. म्हणून मागील सर्व पॉलिसींच्या प्रती मागून बोनसचे आकडे एकाखाली एक लिहिले, तर कोणत्या वर्षी दावा झाला याचा अंदाज येतो. मात्र हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. पहिल्या मालकाने गाडी विकली की तो बोनस गाडीबरोबर दुसऱ्याकडे जात नाही. उलट दुसरा मालक आपल्या जुन्या गाडीवर कमावलेला ५० टक्के बोनस या गाडीला लावू शकतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी बोनस जातो, आणि बोनस सुरक्षित ठेवणारे जादा संरक्षण घेतले असेल तर दावा होऊनही तो टिकतो. म्हणून तुमच्या गाडीच्या सध्याच्या पॉलिसीवर ५० टक्के दिसले तरी ‘या गाडीला अपघात झालेला नाही’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मालकी बदलल्याची तारीख शेजारी ठेवूनच तो आकडा वाचावा लागतो.

विम्याच्या कागदांतून एक गंभीर शक्यताही तपासायची असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते, मालकाला भरपाई मिळते आणि मोडीत निघालेला सांगाडा विकला जातो. असा सांगाडा विकत घेऊन, स्वस्तात उभा करून, रंगवून पुन्हा बाजारात आणणारे लोक आहेत. नोंदणी रद्द झालेली नसेल तर ॲपवर अशी गाडी इतर कोणत्याही गाडीसारखीच दिसते. मागच्या पॉलिसीवरून विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक मिळतो. मालकाने स्वतः त्या कंपनीकडे ई-मेलवर दाव्यांचा तपशील मागितला, तर तो त्याला मिळू शकतो. प्रामाणिक विक्रेत्याला हे करायला दहा मिनिटे लागतात. तो टाळाटाळ करत असेल, तर त्याचीही नोंद तुमच्या तक्त्यात करा.

परंतु ज्या अपघाताची दुरुस्ती रोख पैसे देऊन बाहेर झाली, त्याचा मागमूस कोणत्याही कागदावर राहत नाही. तो फक्त गाडीवरच सापडतो. बॉनेट उघडा आणि त्याच्या बिजागरीचे बोल्ट, तसेच दोन्ही बाजूंचे फेंडर, म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्रे, ज्या बोल्टने बसवलेले असतात ते जवळून पाहा. कारखान्यात पत्रा बसवल्यानंतर रंग दिला जातो, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि सभोवती रंगाचा एकसंध थर असतो. पान्हा लागला की षटकोनाच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि बोल्टखालच्या वॉशरची कड जुन्या खुणेपासून किंचित सरकलेली दिसते. एका फेंडरचे बोल्ट असे निघाले तर तो एखाद्या घासाघाशीनंतर बदललेला असेल आणि त्यात काही भयंकर नाही. परंतु दोन्ही फेंडर, बॉनेट आणि हेडलाइटच्या पट्ट्या या सर्वांना पान्हा लागलेला असेल, तर गाडी समोरून जोरात धडकली होती असे धरून चाला. मग पुढच्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर हाताने केलेले वेल्डिंग आहे का ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग समान अंतरावरच्या गोल खळग्यांच्या रूपात दिसते. गॅरेजमधले वेल्डिंग ओबडधोबड रेघेसारखे असते आणि त्यावर बहुधा काळा अंडरकोट थापलेला असतो.

डिकीतला गालिचा आणि जादा चाक उचलून खालच्या खोलगट पत्र्यावर सुरकुत्या आहेत का पाहा. सर्व काचांच्या कोपऱ्यांतले उत्पादकाचे चिन्ह आणि वर्षाची खूण जुळते का पाहा. एकच काच वेगळी असेल तर दगड लागला असेल, पण एकाच बाजूच्या सगळ्या काचा वेगळ्या असतील तर तो भाग कधीतरी चेपला होता. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझतच नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे, हे सर्वांना माहीत असते. पण तो मुळी लागतच नसेल, तर एअरबॅग उघडून गेल्यानंतर नवी न बसवता दिवाच बंद केला असण्याची शक्यता असते, आणि ही गोष्ट तुमच्या कुटुंबाच्या जिवाशी निगडित आहे.

पाण्याविषयी नाशिककरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गौरी पटांगण आणि रामकुंडाच्या आसपास उभ्या केलेल्या गाड्यांचे काय होते, हे ऑगस्ट २०१९ मध्ये आपण पाहिले आहे. त्याच महिन्यात सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला, आणि बुडालेली गाडी जिथे बुडाली तिथे विकली जाईलच असे नाही. चारही सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची पिवळसर रेघ राहते, कारण तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात सहसा पोहोचत नाही. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे कंस आणि वायरिंगच्या जोडण्यांच्या फटी टॉर्चने पाहा. गाडी आतून कितीही सुगंधित असली तरी काचा बंद करून दुपारच्या उन्हात तासभर उभी ठेवल्यावर तिचा खरा वास कळतो.

आणि चेसिस क्रमांक. तो सतरा अक्षरा-अंकांचा असतो आणि पत्र्यावर कोरलेला असतो. आरसीशी तो वाचून पडताळण्याऐवजी, आरटीओच्या कामासाठी एजंट घेतात तसा चेसिस प्रिंट स्वतः घ्या : क्रमांकावर पारदर्शक नसलेली कागदी चिकटपट्टी लावा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. एखादा अंक खोडून दुसरा ठोकलेला असेल, तर त्याची खोली किंवा रेषेतली जागा त्या ठशात वेगळी उमटते. नंबर प्लेटही पाहून ठेवा. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला, म्हणजे तुमच्या या २०१८ च्या गाडीलाही, उच्च सुरक्षा नंबर प्लेट नंतर बसवून घ्यावी लागते, आणि ती नसेल तर आरटीओत नाव बदलण्याचे काम अडते.

प्रश्न : सातपूरहून लिहीत आहे. सहकाऱ्याच्या ओळखीतून गाडी मिळते आहे. आरसीवर बँकेचे नाव दिसते. मालक म्हणतात की कर्ज कधीच फिटले आहे, बँकेचे पत्र घरी आहे, नाव ट्रान्सफर करतानाच बोजाही उतरवू. चालेल का?

उत्तर : कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे यांत अनेकदा काही वर्षांचे अंतर असते, आणि यात फसवणुकीपेक्षा आळसच अधिक असतो. तरीही क्रम बदलू नका. बोजा उतरवण्यासाठी बँकेची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र लागते. ही पत्रे ठराविक मुदतीची असतात. मालकांकडचे पत्र जुने असेल तर त्यांना बँकेतून नवे आणावे लागेल. बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालेले असेल किंवा वित्तसंस्थेची नाशिकची शाखा बंद झाली असेल, तर या कामाला अनपेक्षित वेळ लागतो आणि ती धावपळ पैसे घेऊन बसलेला विक्रेता मनापासून करत नाही. म्हणून मोठी रक्कम देण्याआधी ॲपवर बोजाच्या रकान्यातून बँकेचे नाव गेलेले पाहा.

कर्ज खरोखरच बाकी असेल तरी व्यवहार करता येतो. बँकेकडून आजच्या तारखेची कर्जफेडीची रक्कम लेखी घ्या आणि तेवढी रक्कम मालकाच्या हाती न देता थेट त्या कर्ज खात्यात भरा. मालकाला उरलेला फरक द्या.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उरका. राज्य वाहतूक पोलिसांच्या आणि परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळांवर, म्हणजे दोन्हीकडे, गाडीचा नंबर टाकून थकलेले दंड पाहा. एकावर काही दिसत नाही आणि दुसऱ्यावर दिसते, असे होऊ शकते. तसेच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक देऊन, हे वाहन पोलिसांच्या नोंदीत चोरीचे म्हणून आहे का, याचा अहवाल नागरिकाला मिळतो. ओळखीतली गाडी आहे म्हणून हे टाळू नका. तुमच्या ओळखीच्या माणसाने ती कोणाकडून घेतली हे तुम्हाला ठाऊक नसते.

प्रश्न : मी नाशिकरोडचा, सेवानिवृत्त. माझी गाडी दोन वर्षांपूर्वी एका एजंटमार्फत विकली. कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. ती अजून माझ्याच नावावर आहे आणि पुण्याकडची दंडाची चलने माझ्या मोबाइलवर येतात. एजंट म्हणतो, काळजी करू नका. मी काय करावे?

उत्तर : काळजी करण्यासारखीच बाब आहे, आणि दंड हा तिच्यातला लहानसा भाग आहे. त्या गाडीने उद्या कोणाला जखमी केले तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येऊ शकते. गाडी हातोहात विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली, अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय दिला की कायद्याच्या दृष्टीने नोंदणीकृत मालक हाच मालक असतो आणि अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ द्वारे आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव बदलून घ्यायचे असते. तुमची मुदत कधीच उलटली आहे, तरीही पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात विक्रीची तारीख, एजंटचे नाव आणि मिळालेल्या रकमेचा पुरावा जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एजंटला पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा. विमा कंपनीला कळवा. आलेल्या चलनांवर गाडीचे छायाचित्र, ठिकाण आणि वेळ असते. त्यावरून गाडी कुठे फिरते हे कळते, म्हणून ती चलने जपून ठेवा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार देताना सोबत जोडा.

जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनीही हे पत्र लक्षपूर्वक वाचावे, कारण या गाडीच्या आरसीवर आजही ‘पहिला मालक’ असेच दिसेल. दोन वर्षांत ती किती हातांतून गेली, कोणी भाड्याने चालवली, कोणी ठोकली, याची नोंद कुठेही नाही. जाहिरातीत ‘सिंगल ओनर’ वाचले की लोक सुखावतात. मी मात्र आरसीवरच्या माणसाला फोन लावून ‘गाडी आज तुमच्याकडेच आहे का आणि तुम्ही ती शेवटची कधी चालवलीत’ हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये असे सांगतो. विक्रेत्याला तो फोन लावू द्यायचा नसेल, तर ती गाडी सोडून द्या. नाशकात गाड्यांना तोटा नाही.

हा गोंधळ मिटावा म्हणून केंद्र सरकारने नियम बदलले असून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेणे अपेक्षित आहे. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी द्वारे कळवले की तेव्हापासून डीलरच मालक मानला जातो आणि त्या काळातली जबाबदारी त्याच्याकडे जाते. इंदिरानगरच्या वाचकभगिनींनीही त्यांच्या डीलरकडे हे प्रमाणपत्र जरूर मागावे.

प्रश्न : शेजारच्या काकांची गाडी त्यांच्या पश्चात त्यांचा मुलगा विकतो आहे. गाडी फार जपलेली आहे. थेट आमच्या नावावर होईल का?

उत्तर : आधी ती वारसाच्या नावावर होऊ द्या. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. मुलगा एकटाच आहे असे तुम्हाला वाटत असले तरी बहीण किंवा आईची संमती कागदावर हवी. मृत व्यक्तीची आधीच घेतलेली सही वापरून फॉर्म भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतहून, द्राक्ष बागायतदार. दिल्ली पासिंगची सात आसनी डिझेल गाडी इथल्यापेक्षा दोन-अडीच लाखांनी स्वस्त मिळते. नऊ वर्षे जुनी आहे. घ्यावी का?

उत्तर : ती स्वस्त का आहे, याचे कारण उघड आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहने चालवण्यावर हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. तिच्या अंमलबजावणीत नंतर बदल होत गेले असले, तरी दहा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या डिझेल गाड्यांना तिकडे भाव राहत नाही. म्हणजे स्वस्ताई ही आपोआप संशयाची खूण ठरत नाही.

मात्र हिशेब पूर्ण करा. मूळ आरटीओचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र गाडी घेण्याआधी हाती हवे. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहणार असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो, आणि तुम्ही ती कायमची आणत असल्याने महाराष्ट्राचा रस्ता कर भरावाच लागेल. डिझेल गाडीला हा कर पेट्रोलपेक्षा अधिक दराने असतो. तो किती होईल हे नाशिकच्या कार्यालयात आरसीची प्रत दाखवून आधी विचारा. वाहतूक, विमा आणि एजंटचा खर्च धरला की दोन-अडीच लाखांतले बरेचसे संपलेले असते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे तुमच्या गाडीची सहा वर्षे उरली आहेत. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि पर्यावरण कर लागतो.

माझी खरी अडचण वेगळी आहे. हजार किलोमीटरहून अधिक दूरच्या गाडीचा तक्ता तुम्ही कसा भरणार? तिचा मालक तुम्हाला भेटणार नाही, तिचे गॅरेज तुम्हाला माहीत नाही, आणि ती गाडी आधी पिवळ्या पाटीवर पर्यटकांना घेऊन फिरत होती का हेही सहज कळणार नाही. अधिकृत वर्कशॉपची सलग नोंद आणि सर्व वर्षांच्या पॉलिसी मिळत असतील तरच विचार करावा. निफाड किंवा दिंडोरीतल्या एखाद्या बागायतदाराची, ज्याचे गॅरेज आणि ड्रायव्हर दोन्ही तुमच्या ओळखीचे आहेत अशी गाडी लाखभर महाग पडली, तरी मी तीच घेण्याचा सल्ला देईन.

प्रश्न : सर्व तपासून झाले, गाडी पसंत पडली. आता इसार किती द्यावा आणि लिहून काय घ्यावे? (सिडको)

उत्तर : इसार लहान ठेवा आणि तो खात्यातूनच द्या. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस क्रमांक, त्या दिवशीचे किलोमीटर, ठरलेली किंमत आणि ‘गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पाण्यात बुडालेली नाही, मीटरमध्ये फेरफार केलेला नाही, यांतले काही खोटे आढळल्यास इसार परत केला जाईल’ असे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. बोलताना सहज ‘नाही हो, काही नाही झालेलं’ म्हणणारे अनेक विक्रेते हे वाक्य लिहिण्याची वेळ आली की थांबतात, आणि मग एखादी विसरलेली गोष्ट त्यांना आठवते. ती इसार देण्याआधी आठवली तर दोघांचेही भलेच होते.

ताबा घेताना दोघांच्या सह्यांच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या दिवशी सकाळचे चलन कोणाचे आणि संध्याकाळचे कोणाचे, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, तारखेसह सही करून घ्या. कोरे फॉर्म देऊही नका आणि घेऊही नका. किमतीतली काही रक्कम आरसीवर तुमचे नाव येईपर्यंत राखून ठेवण्यास विक्रेता तयार असेल तर उत्तम.

विम्याकडे त्याच आठवड्यात पाहा. गाडीबरोबर पॉलिसीतला तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा भाग कायद्याने तुमच्याकडे येतो, परंतु तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस निघून गेल्याने येणारा फरकही भरावा लागतो. हे काम आरसी येण्याची वाट पाहत थांबवू नका. फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती व आरटीओची पावती जोडून अर्ज आधीच देऊन ठेवा आणि त्याची पोच गाडीच्या कागदांसोबत ठेवा.